शह, मात आणि सतरंजी

बुद्धिबळाच्या पटाभोवती तीन जातींची माणसं आढळतात. पहिली खेळणारी. ही दोनच असतात आणि गप्प असतात. दुसरी बघणारी. ही कितीही असू शकतात आणि गप्प कधीच नसतात. "घोडा, अहो घोडा!" असं ओरडून ती दुसऱ्याचा डाव बुडवतात आणि वर "मी सांगतच होतो" म्हणून त्याच्याकडूनच चहा उकळतात. तिसरी जात मात्र दुर्मिळ. पटावर काय चाललंय याकडे ही माणसं ढुंकूनही पाहत नाहीत. उंटाच्या जागी पूर्वी कोण उभं होतं, वजिराची बाई कोणी केली आणि मुळात हा पट पहिल्यांदा मांडला कोणी, असल्या चौकशा करत ती आयुष्य घालवतात. यांना बुद्धिबळाचे इतिहासकार म्हणतात.

तुम्ही म्हणाल, यात चौकशी कसली करायची? बुद्धिबळ आपलंच! शून्य आपलं आणि बुद्धिबळ आपलं, हे मराठी घरातल्या मुलाच्या कानावर मुंजीच्या आधीच पडलेलं असतं. आमचे एक काका तर हे पुराव्यासकट सांगत. त्यांचा पुरावा म्हणजे मंदोदरी. रामाच्या सैन्याने लंकेला वेढा घातला, रावणाला चैन पडेना, तेव्हा मंदोदरीने त्याचं मन रमावं म्हणून हा खेळ काढला. संसारी माणसाला ही गोष्ट लगेच पटते. नवरा एका लढाईने बेजार झालेला असताना त्याच्यापुढे दुसरी लढाई मांडून "जरा विरंगुळा!" म्हणणं हे बायकोलाच सुचू शकतं.

काकांची ही गोष्ट साध्यासुध्या माणसाने टिपून ठेवलेली नाही. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७९० साली हिंदी बुद्धिबळावर जो निबंध छापला, त्यात ती आहे. जोन्ससाहेब दिवसा निकाल देत आणि उरलेल्या वेळात संस्कृत शिकत. पण हाडाचा न्यायाधीश असल्यामुळे त्यांनी ती गोष्ट 'लोक असं सांगतात' एवढ्याच खात्यात जमा केली. खेळाचं वर्णन करणारा जुना संस्कृत ग्रंथ आपल्याला मिळाला नाही, हेही त्यांनी सरळ लिहून टाकलं. मिळालं ते एवढंच की राधाकांत नावाच्या पंडितांनी त्यांना एक संवाद दाखवला. त्यात व्यास युधिष्ठिराला चार जणांनी फासे टाकून खेळायचं बुद्धिबळ शिकवतात. फाशांच्या बाबतीत युधिष्ठिराचा लौकिक काय होता ते आपण जाणतोच. त्याला आणखी एक फाशांचा खेळ शिकवायची व्यासांना काय हौस होती, देव जाणे!

या संवादाने पुढे मोठा घोटाळा केला. कॅप्टन हायरम कॉक्स नावाच्या अधिकाऱ्याने १७९९ साली एका पत्रात मांडलं की हा चौघांचा खेळच मूळचा, दोघांचा मागाहून आला. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक डंकन फोर्ब्स पुढे सरसावले. १८६० साली त्यांनी जाडजूड इतिहास लिहिला आणि तो संवाद पुराणातला, पुराणं अतिप्राचीन, सबब बुद्धिबळ पाच हजार वर्षांचं, असं गणित मांडलं. गणित सुटसुटीत होतं. साहेबाने आपल्याला पाच हजार वर्षं मोजून द्यावीत आणि आपण ती नाकारावीत, इतके कोण आपण विरक्त! काकांच्या हिशेबी तेव्हाच निकाल लागला होता.

पण इतिहासकारांत एक जमात खडूस असते. आन्टोनियस व्हान डेर लिंडे नावाचा डच विद्वान त्यातला. त्याने १८७४ साली फोर्ब्सच्या पाच हजार वर्षांची अशी काही सालं काढली की वाचताना फोर्ब्सची कीव यावी. त्याच्या मदतीला जर्मन संस्कृत पंडित आल्ब्रेख्ट वेबर होते. तो संवाद भविष्यपुराणातला म्हणून सांगितला जाई, पण पुराणाच्या प्रतींत तो सापडेना. तो होता बंगालच्या रघुनंदनाच्या 'तिथितत्त्वा'त, आणि रघुनंदन सोळाव्या शतकातला! थोडक्यात, पणजोबांची म्हणून मिरवलेली पगडी आतल्या बाजूला बघितली तर परवाच्या दुकानाचा शिक्का.

आता चौघांचं बुद्धिबळ खोटं होतं असं नव्हे. अल्-बेरुनी इकडे येऊन गेला आणि इ. स. १०३० च्या सुमारास त्याने फासे टाकून चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचं व्यवस्थित वर्णन लिहिलं. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, अल्-मसूदी या अरब इतिहासकाराने नोंद केली की हिंदी लोक बुद्धिबळावर पैजा लावतात, आणि सगळं हरले की स्वतःची बोटंसुद्धा पणाला लावतात. बुद्धिबळ हा शांत डोक्याचा खेळ आहे असं मुलांना सांगणाऱ्या पालकांनी हा भाग वगळावा. मुद्दा एवढाच की हे सगळं पाच हजार वर्षांपूर्वीचं नव्हे.

मग खरं किती जुनं? याचा छडा लावायला एक शाळा-तपासनीस जन्माला यावा लागला. आपल्याकडे ज्यांना पूर्वी 'डिप्टीसाहेब' म्हणत आणि जे आले की मास्तरांच्या टोप्या सरळ होत, त्या खात्यातला हा गृहस्थ. हॅरल्ड मरे त्याचं नाव. वडील जेम्स मरे म्हणजे ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी शब्दकोशाचे संपादक. अकरा भावंडांत हा थोरला. त्या घरात मुलं खाऊच्या पैशांसाठी शब्दांच्या चिठ्ठ्या लावून देत. आपल्याकडे मुलं शेंगा सोलतात, तिथे चिठ्ठ्या! अशा घरातला मुलगा 'असेल बुवा' म्हणून कशाला सोडून देईल? अरबांची बुद्धिबळावरची जुनी हस्तलिखितं वाचायची, तर अरबी यायला हवं. म्हणून हा अरबी शिकला. शाळा तपासता तपासता त्याने कित्येक वर्षं हेच काम केलं आणि १९१३ साली सुमारे नऊशे पानांचा इतिहास छापला. गेल्या शंभर वर्षांत त्याच्या काही मतांना लोकांनी धक्के दिले. पण या विषयात कुणालाही आधी त्याच्या घरावरूनच जावं लागतं.

मरेच्या हाती जे भक्कम उरलं ते असं. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिलं. हर्षाच्या राज्यात किती सुख होतं हे सांगताना तो एक श्लेष करतो. 'चतुरंग' म्हणजे सेनेची चार अंगं आणि चतुरंग म्हणजे हातपायही. राज्यात चतुरंगाची काही उलथापालथ होत असेल तर ती फक्त अष्टापदावर, म्हणजे आठ-आठ घरांच्या पटावर. एरवी लढाई नाही आणि हातपाय तोडायची शिक्षाही नाही, असा त्याचा रोख. बघा म्हणजे! जगातल्या सर्वांत बुद्धिमान खेळावर आपला हक्क सांगायचा, आणि आपला पहिला मोठा साक्षीदार कोटीबाज निघावा! मराठी माणसाला याचा आनंदच व्हायला हवा. पण कोटीबाजाच्या साक्षीत एक अडचण असते. तो नेमका कशाबद्दल बोलला यावर वकील भांडत राहतात, आणि या श्लेषावर विद्वान अजून भांडताहेत.

मग आपली बाजू सावरली कोणी? परक्यांनी. इराणमध्ये पहलवी भाषेतलं एक छोटं पुस्तक आहे. हिंदच्या राजाने खुस्रो बादशहाच्या दरबारी हा खेळ पाठवला आणि 'ओळखा पाहू याचे नियम' असं आव्हान दिलं, अशी त्यात कथा. बुझुर्गमिहर नावाच्या त्यांच्या वजिराने नियम ओळखले, आणि उलट स्वतःचा फाशांचा खेळ करून हिंदला पाठवला. तो आपल्याला ओळखता आला नाही. कथा त्यांची, त्यामुळे जिंकले ते! पण आपल्या विजयाची फुशारकी मारतानाही त्यांनी खेळ हिंदकडून आला हे लपवलं नाही. पुढे अरबांनी खेळ इराणकडून घेतला आणि त्यांच्याही ग्रंथकारांनी त्याचं मूळ हिंदच सांगितलं. दुसऱ्याच्या घरून आणलेली चकलीची कृती स्वतःची म्हणून खपवणाऱ्यांनी यावरून धडा घ्यावा.

आणि पुस्तकांवर विश्वास नसेल तर शब्द ऐका. आपलं 'चतुरंग' इराणात गेलं आणि 'चत्रंग' झालं. अरबांच्या तोंडी ते 'शत्रंज' झालं आणि मुसलमानी अमदानीत 'शतरंज' होऊन माहेरी परतलं. परदेशी शिकून आलेल्या मुलासारखं, आईने ओळखू नये असं! चौकटीचौकटींच्या जाजमाला त्यावरून 'सतरंजी' म्हणू लागले. १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात हे कूळ दिलेलं आहे. म्हणजे लग्नाकार्यात आपण बुद्धिबळावर मांडी घालून बसतो आणि पंगत उठली की ते झटकून ठेवतो. फारसी 'शाह'चा आपल्याकडे 'शह' झाला, 'मात' तर जशीच्या तशी आली. राजकारणावरचा मराठी अग्रलेख या दोन शब्दांशिवाय उभाच राहत नाही. तोच 'शाह' फ्रान्सवरून इंग्लंडात जाऊन 'चेक' झाला. चौकटींचं कापड टेबलावर पसरून हिशेब करणाऱ्या तिथल्या खजिन्याला त्यावरून नाव पडलं, आणि बँकेतल्या चेकचं स्पेलिंग त्यावरून बेतलं. मध्यमवर्गीय माणसाचा चेक परत येतो तेव्हा इराणच्या बादशहालाच शह बसलेला असतो.

सोंगट्यांचीही हीच तऱ्हा. मूळच्या सेनेत कोपऱ्यात रथ होता आणि त्याच्या आतल्या बाजूला घोडा, मग हत्ती. आपल्या मराठी पटावर हत्ती कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्याच्या जागी उंट आला. बंगाल्यांनी आणि रशियनांनी हत्ती जागच्या जागी ठेवून कोपऱ्यात नाव आणली. अरबांनी हत्तीची सोंगटी नुसती दोन टेंगळांची केली होती. त्या टेंगळांत इंग्रजाला बिशपची टोपी दिसली आणि फ्रेंचाला विदूषकाची. पाद्री की विदूषक, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर. राजाचा मंत्री बिचारा एक घर तिरपं सरकून दमायचा. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेन-इटलीकडे, तिला पटभर मोकाट धावायची मुभा मिळाली. आपण धाव राणीची घेतली आणि नाव 'वजीर'च ठेवलं. घरोघर असंच असतं.

आपल्या बाजूचाही एक कागद मला फार आवडतो. सतराव्या शतकात काशीला नीलकंठभट्ट नावाचे धर्मशास्त्री होऊन गेले. घराणं मूळचं पैठणचं. त्यांच्या 'व्यवहारमयूखा'वरून मुंबई इलाख्यात वारसाहक्काचे आणि वाटणीचे खटले कित्येक वर्षं निकालात निघत. त्याच शास्त्रीबुवांनी 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे नियम दिले आहेत! भावाभावांत जमीन कशी वाटायची आणि पटावर घोडा कसा चालवायचा, दोन्ही एकाच बैठकीत. हा भाग जर्मनीतल्या वेबरसाहेबांनी भाषांतर करून छापला. पाच हजार वर्षं बुडवायला मदत करणारे ते हेच!

वरचं सगळं वाचल्यावर मी काकांना सांगायला गेलो. "काका, पाच हजार नाही, चौदाशे. फार तर पंधराशे."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे साडेतीन हजार गेली?" त्यांनी विचारलं. कोकणातल्या वडिलार्जित बागेचा तुकडा चुलतभावाने लाटल्यासारखा तो स्वर होता.

"गेली नाहीत काका, ती आपली नव्हतीच. पण ही चौदाशे सातबाऱ्यावर आहेत. साक्षीला इराणी आहेत, अरब आहेत, आपला बाण आहे. १९७७ साली समरकंदजवळ अफ्रासियाबला हस्तिदंती सोंगट्या सापडल्या, सातव्या-आठव्या शतकातल्या. मोजून सात. पाच हजारांच्या बाजूने मात्र एक रघुनंदन आणि एक मंदोदरी."

काका बराच वेळ गप्प होते. सातबारा हा शब्द त्यांना लागला असावा. आयुष्यभर ते जमिनीच्याच खात्यात होते आणि तोंडी हक्क सांगणाऱ्या पक्षकारांना त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. शेवटी "चौदाशे म्हणजे काही थोडी नव्हेत" एवढंच बोलले आणि मला वाटलं, विषय मिटला.

काही वर्षांनी मी त्यांना आणखी एक बातमी दिली. डेव्हिड ली नावाच्या लेखकाने १९९८ साली पुस्तक लिहिलं होतं की बुद्धिबळ मुळात चीनचं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास हान शिन नावाच्या सेनापतीने छावणीत सैनिकांसाठी ते काढलं. मला वाटलं, आता काका खवळणार, मंदोदरीला पुन्हा बोलावणार.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे विचारलं, "त्याच्याकडे कागद काय आहे? आणि तो कधीचा?"