सेहऱ्याच्या कागदावरचे नाव

आपल्या लग्नांतील छापील कागद मुख्यतः तीन. घरोघर जाणारा रुक्का, निकाहच्या मजलिसीत वाटला जाणारा सेहरा आणि काझीसाहेबांच्या दफ्तरातला निकाहनामा. रुक्का म्हणजे लग्नाचा कार्यक्रमच. बारात, निकाह, तआम, रुखसती, वलीमा असा त्याचा क्रम असतो आणि निकाहची वेळ पुष्कळदा घड्याळाने नव्हे, तर 'बाद नमाज-ए-असर' अशी नमाजने सांगितलेली असते. सेहरा हे मुळात नवऱ्या मुलाच्या कपाळावरून सोडलेल्या फुलांच्या माळांचे नाव. त्यावरून मुबारकबादीच्या कवितेलाही तेच नाव पडले. शायर ती मजलिसीत वाचतो आणि 'मिनजानिब' म्हणून दोस्तमंडळींची नावे घालून छापलेले रंगीत कागद पाहुण्यांच्या हाती जातात.

सर्वांत गाजलेले सेहरे 1852चे. बहादुरशाह जफर यांचे शाहजादे मिर्जा जवां बख्त यांच्या लग्नात मिर्जा गालिब यांनी सेहरा लिहिला. त्याच्या शेवटच्या शेरात बादशहाचे उस्ताद जौक यांना टोला आहे असे दरबारात मानले गेले आणि जौक यांनी त्याला जबाबी सेहरा लिहिला. हा किस्सा उर्दूच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. पण त्या लग्नातील वधूचे नाव विचारले तर वर्ग गप्प होतो. त्या होत्या शाह जमानी बेगम. 1857च्या बंडानंतर सासरच्या माणसांबरोबर त्यांनीही रंगूनची हद्दपारी भोगली. दोन थोर शायरांच्या त्या दोन्ही सेहऱ्यांत त्यांचे नाव नाही.

ही रीत पुढे छपाईतही उतरली. सेनेफेल्डर या जर्मन माणसाने 1796च्या सुमारास शोधलेली शिळाछपाई 1820च्या दशकात हिंदुस्थानात आली. नस्तालीक लिपीची वळणे शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नव्हती. दगडावर मात्र कातिबाचा हात जसाच्या तसा उमटे. कातिब लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईने लिही, मग तो मजकूर दगडावर उलटा उतरवला जाई. त्यामुळे थोडक्या प्रती काढणेही परवडू लागले आणि रुक्का सामान्य घरांत पोचला. त्यावर मुलाचे नाव ठळक असे. मुलगी मात्र 'नूर-ए-चश्मी' किंवा 'दुख्तर-ए-नेक-अख्तर'. शब्द गोड, पण नाव गायब.

1981मध्ये नूरी नस्तालीकने ही लिपी यंत्रावर आणली, 1994मध्ये इनपेज आले आणि कातिबांचे बोरू बाजूला पडले. महाराष्ट्रात रुक्क्याच्या एका बाजूला उर्दू आणि दुसऱ्या बाजूला मराठी किंवा इंग्रजी मजकूर दिसू लागला. आज पुष्कळ पत्रिकांवर वधूचे नाव असते, पण सगळ्याच पत्रिकांवर नाही.

पडद्याचा दाखला देणाऱ्यांना आम्ही अदबीने विचारतो : निकाहच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदारांसमोर मुलीचे नाव, बापाचे नाव आणि मेहरची रक्कम उच्चारली जातेच ना? तिच्या मर्जीशिवाय निकाह होत नाही. जे भर मजलिसीत बोलले जाते, ते कागदावर आल्याने बेअदबी कशी होईल? हजरत खदीजा, हजरत आयशा, हजरत फातिमा ही नावे तर आपली लेकरे मकतबात पाठ करतात.

उर्दू शाळेत आम्ही मुलांना घराण्याचा शजरा लिहून आणायला सांगतो. पणजोबांपर्यंतची नावे सहज येतात. आजीच्या जागी मात्र 'फलाण्याची दुख्तर' असते. संदुकीच्या तळाशी जुना रुक्का किंवा सेहरा सापडला तर तो रद्दीत घालू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्या कागदाच्या मागे वधूचे नाव लिहून ठेवा. नवा रुक्का छापायला द्याल तेव्हा ते नाव पुढच्या बाजूलाच येऊ द्या.