सेवेची नोंद कुणी ठेवायची?

मंडळी, घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर ‘क्रेडिट’ हा शब्द एव्हाना तुमच्या कानावरून गेलाच असेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची मोजणी क्रेडिटमध्ये होऊ लागली, आणि राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एन.एस.एस., हीसुद्धा त्या मोजणीत आली. गावात जाऊन बंधारा घातला, झाडं लावली, तर तेही पदवीच्या हिशेबात धरायचं. हे ऐकून आमच्या वयाची मंडळी नाक मुरडतात. सेवेला कसले मार्क द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. तरुण प्राध्यापक म्हणतात, मार्क ठेवले नाहीत तर शिबिराला येणार कोण?

दोघांचंही म्हणणं अगदी टाकाऊ नाही. पण हा वाद आजचा आहे असं मात्र कुणी समजू नये. स्वातंत्र्यानंतर देशातल्या मोठमोठ्या माणसांनी वीस वर्षं याच प्रश्नावर डोकं खाजवलं, आणि त्यात आपली मराठी माणसंही होती. ती हकिगत फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज लिहायला घेतलं.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सुचवलं की विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी, पण ती स्वखुशीने. १९५० च्या जानेवारीत केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने हा विचार मान्य केला आणि पुस्ती जोडली की विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनीही श्रमाला हात लावावा. ही पुस्ती मला फार महत्त्वाची वाटते. मास्तर झाडाखाली खुर्ची टाकून बसले आणि मुलं खड्डे खणताहेत, असं दृश्य त्या मंडळींना नको होतं.

पुढे १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एक पाऊल पुढे टाकलं. समाजसेवा केल्याशिवाय पदवीच देऊ नये, असा तो विचार होता. मग १९५९ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण, तर चिंतामणराव देशमुख! रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे आपले सी.डी. त्या वेळी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या समितीने शिफारस केली ती चांगलीच कडक होती. उच्च माध्यमिक शिक्षण संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी. त्यात थोडं लष्करी शिक्षण, थोडी समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असावं.

ही शिफारस मान्य झाली नाही. लाखो मुलांना वर्षभर राहायला जागा, जेवण, कपडे, शिकवणारी माणसं कुठून आणायची? खर्च झेपणारा नव्हता आणि अंमलबजावणीही अवघड होती. त्यानंतर १९६० मध्ये प्रा. के. जी. सैयदैन यांना इतर देशांत युवकांची सेवा कशी चालते याचा अभ्यास करायला पाठवलं. त्यांचा निष्कर्ष देशमुखांच्या उलट निघाला. सेवा ऐच्छिक असावी, आणि कामांत भरपूर विविधता असावी, म्हणजे ज्याला जे जमेल ते तो करील. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा असावी असं सांगितलं. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. १९३० च्या दशकात धारवाडकडच्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात राहून ग्रामसुधारणेचं काम केलेला हा माणूस. खेड्यातली सेवा म्हणजे काय, हे त्यांना दिल्लीच्या कागदांवरून शिकावं लागलं नव्हतं.

१९६७ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या आणि कुलगुरूंच्या परिषदांत विषय पुन्हा आला. १९६९ च्या मे महिन्यात विद्यार्थी प्रतिनिधींनाच बोलावून विचारलं, आणि त्यांनी एकमुखाने होकार दिला. मग गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते चाळीस हजार. पुढच्या काळात ही संख्या कित्येक लाखांवर गेली.

योजनेची रचना साधी आहे. दोन वर्षांत २४० तास काम, म्हणजे वर्षाला १२०. शिवाय दत्तक घेतलेल्या गावात एक निवासी शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे, आणि त्याचे आठ आरे दिवसाच्या चोवीस तासांची आठवण देतात. बोधवाक्याचा अर्थ ‘मी नव्हे, तुम्ही’. शिबिर म्हटलं की पहाटे प्रभातफेरी, सकाळी टिकाव-फावडी-घमेली घेऊन श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य. ज्यांनी हे अनुभवलंय, त्यांना शाळेच्या व्हरांड्यात टाकलेल्या सतरंज्या आणि पिठलं-भाकरी आत्ताही आठवत असेल.

योजना सुरू होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ आला. देशभरातल्या एन.एस.एस. शिबिरांसाठी १९७३ मध्ये ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हाच विषय घेतला गेला. नंतर घाण आणि रोगराई, वृक्षलागवड, ग्रामीण पुनर्रचना असे विषय येत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हाही ठिकठिकाणची तरुण मुलं मदतीला धावली. त्या ढिगाऱ्यांपाशी कुणी कुणाला किती तास झाले असं विचारलं नसेल.

आता शाबासकीकडे वळू. एन.एस.एस.च्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने १९९३-९४ पासून राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. मुंबई विद्यापीठात ठरलेलं काम पुरं करणाऱ्याला दहा जादा गुण मिळायचे. म्हणजे सेवेचे मार्क ही गोष्ट क्रेडिटच्या आधीपासूनची आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला बाबा आमटे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला त्यांनी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथे भर मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात मुलं येतात आणि दगडमाती उपसतात. १९८५ च्या डिसेंबरात बाबांनी ‘भारत जोडो’ची हाक दिली, तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाले. त्यांना कुणी दहा मार्क कबूल केले नव्हते. पण खरं बोलायचं तर अशी मुलं शेकड्यांत निघतात, लाखांत नाही. बाकीच्या लाखांना दारापर्यंत आणायला काहीतरी आमिष लागतं, हे शाळामास्तर म्हणून मला मान्य आहे. वर्गात आम्हीसुद्धा वहीवर ‘छान’ असा शेरा देतच होतो की!

अडचण वेगळीच आहे. शेरा देणाऱ्याने वही वाचलेली असावी लागते. तासांच्या डायऱ्या शिबिराच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एका बैठकीत भरल्या जातात, हे अनेक पालकांना ठाऊक आहे. त्यावर सही पडते, शिक्का बसतो. त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते खरोखर काम केलेल्या मुलाचं. त्याचा कागद आणि न केलेल्याचा कागद अगदी एकसारखा दिसतो.

१९९० च्या दशकात साक्षरता अभियान चाललं होतं, तेव्हा आमच्या शाळेतली वरच्या वर्गातली मुलं संध्याकाळी वस्त्यांवर शिकवायला जात. सगळ्यांना एकसारखी छापील प्रमाणपत्रं मिळाली. पण एक मुलगी मला तिची वही दाखवायला आली. तिने शिकवलेल्या पाच-सहा बायकांनी शेवटच्या पानावर आपापली नावं लिहिली होती. अक्षरं वाकडीतिकडी, एकीचा तर काना रेघेबाहेर गेलेला. “बाई, यातल्या दोघींनी माझं नाव पण लिहिलंय,” ती म्हणाली. प्रमाणपत्र कुठे आहे, असं मी विचारलं, तर तिला ते पटकन आठवलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी तिला आम्ही नव्या मुलांची प्रमुख केलं, आणि ती जबाबदारी तिने माझ्यापेक्षा चोख सांभाळली.

त्यामुळे क्रेडिट द्यावं की न द्यावं, यावर भांडण्यात मला आता रस नाही. देशमुखांची सक्ती की सैयदैनांची खुशी, हा वाद देशाने १९६९ साली खुशीच्या बाजूने मिटवला होता. आज तो मार्कांच्या वाटेने परत आला असेल तर येऊ दे. पण मग निदान तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, नोंद तासांची नको, कामाची हवी. कुठला बंधारा, किती म्हातारी माणसं, किती दिवस, ते नीट लिहावं. दुसरी, सही कॉलेजाची असतेच, पण ज्यांच्यासाठी काम झालं त्यांचीही असावी. ग्रामसभेत उठून त्या गावच्या बाईने मुलाचं नाव घेतलं, तर त्याला दिल्लीच्या पदकाचं मोल आहे. आणि तिसरी, चांगलं काम करणाऱ्याला पुढच्या वर्षी आधीपेक्षा मोठं काम सोपवावं. तरुण मुलांना हार-तुऱ्यांपेक्षा विश्वास जास्त कळतो, हे मी पाहिलेलं आहे.

आणि हो, १९५० ची ती पुस्ती विसरू नये. मुलं घमेलं उचलत असतील तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनीही पदर खोचून रांगेत उभं राहावं. सेवेला उत्तेजन देण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी सापडलेला नाही.

आपल्यापैकी कुणी एन.एस.एस.च्या सुरुवातीच्या वर्षांत शिबिरं केली असतील तर त्या गावाचं नाव आणि तिथे केलेलं काम जरूर लिहून कळवा. तुम्ही खणलेलं तळं आज कोरडं आहे की भरलेलं, तेही जाऊन पाहा एकदा.