फाउल कशाला म्हणायचं? मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास

आज आपण बास्केटबॉलमधल्या फाउलबद्दल बोलणार आहोत, आणि तेही मुलींच्या बास्केटबॉलमधल्या. काहींना वाटेल, फाउल हा नियमपुस्तकातला विषय, त्यात इतिहास कसला? पण कबड्डीचं बघा. कबड्डीत पकड हाच खेळ. बास्केटबॉलमध्ये तीच पकड गुन्हा. म्हणजे अंगाला अंग लागणं मुळात चूक किंवा बरोबर नसतं, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. मुलींच्या बाबतीत ते कुणी ठरवलं आणि कशासाठी, हा आपला आजचा प्रश्न.

सुरुवात करू डिसेंबर 1891 पासून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. तिथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छताखाली खेळता येईल असा खेळ शोधला आणि त्याचे 13 नियम लिहिले. त्यातला पाचवा नियम आपल्या कामाचा. खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालून पाडायचं नाही, मारायचं नाही. पहिल्यांदा केलं तर फाउल. दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आणि इजा करायचाच हेतू दिसला, तर पूर्ण सामन्याबाहेर, बदली खेळाडूसुद्धा मिळणार नाही. हे नियम लिहिले गेले ते पुरुष विद्यार्थ्यांसाठी.

तिथून जवळच नॉर्थॅम्प्टनला स्मिथ कॉलेज हे मुलींचं महाविद्यालय. तिथे 1892 मध्ये सेंडा बेरेन्सन व्यायामशिक्षिका म्हणून आल्या. त्यांनी हा खेळ मुलींना शिकवला आणि मार्च 1893 मध्ये दोन वर्गांचा सामना लावला. पुरुष प्रेक्षकांना बंदी होती. सुरुवातीलाच एका मुलीचा खांदा निखळला. तरी सामना पुढे झाला!

आता बेरेन्सनबाईंची अडचण लक्षात घ्या. त्या काळी जाणती म्हणवणारी माणसंही सांगत की जास्त धावपळीने बाईचं हृदय आणि मज्जातंतू बिघडतात. खेळात दांडगाई दिसली असती, तर तो बंद करायला कारणच मिळालं असतं. मग त्यांनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले. जिला ज्या भागात उभं केलं, तिने तो भाग ओलांडायचा नाही. चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. नेस्मिथच्या खेळात ढकलणं फाउल होतं, इथे चेंडूवर हात टाकणंही फाउल झालं. हेच नियम 1901 मध्ये स्पॉल्डिंग कंपनीने पुस्तकरूपाने काढले आणि ते देशभर गेले.

न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम कॉलेजात क्लारा बेअर यांनी तर 1895 मध्ये आणखी कडक नियम छापले. त्यांच्या खेळात दोन्ही हातांनी चेंडू फेकणं हाही फाउल होता, कारण त्याने छाती दबते अशी समजूत!

याला नुसतं हसून चालणार नाही. या नियमांमुळेच मुलींना खेळायला मिळालं, हे खरं आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जी भिंत संरक्षणासाठी बांधली, तीच पुढे कुंपण झाली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेट कॉलेजने मुलींचा संघच बंद केला. कारण काय? खेळ मुलींना झेपणारा नाही. संघाची कर्णधार होती मार्गारेट वेड. चिडलेल्या मुलींनी आपले गणवेश जाळून टाकले. त्याच कॉलेजने 1973 मध्ये संघ पुन्हा सुरू केला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून कुणाला बोलावलं? वेडबाईंनाच. त्यांच्या संघाने 1975, 1976 आणि 1977 अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

मधल्या काळात नियम हळूहळू सैल होत होते. 1938 मध्ये तीन भागांचे दोन झाले. एका संघात सहा मुली, तीन आक्रमणाला, तीन बचावाला, आणि मधली रेषा ओलांडायची नाही. 1971 मध्ये महाविद्यालयांत पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ आला. शाळांमध्ये मात्र काही राज्यांनी जुना खेळ सोडला नाही. आयोवात त्याला तुफान गर्दी व्हायची, तो 1993 पर्यंत चालला.

यात नुकसान कुणाचं होत होतं? बचावातल्या मुलीचं. तिला बास्केटमध्ये चेंडू टाकायची संधीच नाही. टेनेसीतल्या एका शाळकरी मुलीने या नियमाविरुद्ध कोर्टात दावा लावला. मला नेम मारायलाच मिळत नाही, मग कॉलेजची शिष्यवृत्ती कोण देणार, असा तिचा मुद्दा. 1976 मध्ये ती जिंकली, पुढच्या वर्षी अपिलात हरली. पण काही वर्षांतच टेनेसीने तो नियम स्वतःहून सोडला. रेषा ओलांडायची की नाही, हा प्रश्न तिच्या शिक्षणापर्यंत पोचला होता, मंडळी.

आजची स्थिती काय? 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा आलं. आज आंतरराष्ट्रीय नियमांत महिलांचा चेंडू थोडा लहान असतो, पण फाउलची व्याख्या स्त्री-पुरुषांना एकच. दहा खेळाडू छोट्या जागेत वेगाने धावणार, तेव्हा अंग लागणारच, हे आता गृहीत धरतात. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं आहे असं समजा. त्या जागेत सरळ उभं राहून हात वर केले तर तुमचा हक्क. तिथून बाहेर झुकून दुसरीला अडवलं, की फाउल. पाच फाउल झाले की बाहेर. पंच बघतो ते एवढंच, की या धक्क्याने कुणाचा गैरफायदा झाला का.

अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये जोराचा धक्का बसला की आजही दोन तऱ्हेची ओरड होते. एक म्हणतात, मुलींचा खेळ फार दांडगट झालाय. दुसरे म्हणतात, पुरुषांमध्ये असं चालतंच की. आपण इतिहास बघितला, तर दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. वाईट फाउलला शिक्षा हवीच, नेस्मिथनेही ती ठेवली होती. पण ती शिक्षा खेळाडूला इजा होऊ नये म्हणून हवी, बाईने बाईसारखं दिसावं म्हणून नव्हे. हा फरक कळायला ऐंशी वर्षं लागली. तो पुन्हा पुसला जाणार नाही, एवढं बघणं आपल्या हातात आहे.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.