वृद्धांचे घर : पंगुगृहापासून निवाऱ्यापर्यंत

वृद्धाश्रम हा शब्द आज आपल्या कानांस परका वाटत नाही. संस्था मात्र पुष्कळच जुनी आहे. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली अनाथ पंगुगृह निघाले. हे ससून बगदादचे यहुदी. १७९२ साली जन्मले, राजसत्तेच्या जाचामुळे देश सोडून मुंबईस आले आणि १८६४ साली पुण्यात वारले. त्यांच्या पेढीचा पैसा कापसाइतकाच अफूच्या व्यापारातूनही आला होता. देणगीची थोरवी गाताना तिचा उगम झाकून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही, म्हणून हे सांगितले.

संस्थेचे नाव नीट पाहावे. अनाथ आणि पंगु! ज्याला कोणी नाही आणि ज्याचे हातपाय चालत नाहीत, त्याला छप्पर व अन्न द्यावे, हा या नावातला अर्थ. दिवस कसा जातो, हा प्रश्न त्यात बसत नाही. आज नवी पेठेतील ही संस्था ‘निवारा’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या सभागृहात गावातल्या सभा-भाषणे भरतात. नव्या खोल्यांपेक्षा मला हा पालट मोठा वाटतो. म्हाताऱ्यांच्या अंगणात गाव येऊ लागले.

इंग्लंडातली हकीकत याहून कडू आहे. १८३४ च्या कायद्यानंतर गरिबांसाठी तिथे जी कामगृहे उभी राहिली, ती मुद्दामच कष्टप्रद ठेवीत. कोणी आपखुशीने येऊ नये म्हणून! १९४८ साली कायदा पालटला, पंचवीस-तीस माणसांची लहान घरे करावी असे ठरले. पण पीटर टाउनसेंड यांनी १७३ संस्था हिंडून १९६२ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा असंख्य वृद्ध त्याच जुन्या इमारतींत आढळले. पाटी तेवढी बदलली होती.

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे एक तरी गृह असावे असे म्हटले. आकडा खाटांचा आहे. आणि दीडशे खाटा एका ओळीत मांडल्या की पुन्हा पंगुगृहच होते. त्याच दीडशेंची पाच-सहा लहान बिऱ्हाडे करता येतात, प्रत्येकाला आपली चूल, आपला ओटा.

करावे गावात हे बोलताना संकोच वाटत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. शेत, मिठागर, खाडी यांवरचे जिणे पालटले. आगरी-कोळी घरात म्हाताऱ्याची बैठक पडवीत असे आणि येणाराजाणारा त्याला हाक मारूनच आत शिरे. सदनिकेत पडवी नाही. वृद्धगृहाचा विस्तार करणाऱ्याने ती आधी आखावी, रस्त्याकडे तोंड करून. आणि रात्री उठणाऱ्या आजीच्या खाटेपासून शौचकूप किती पावलांवर येते, तेही खडूने जमिनीवर आखून, तिलाच चालायला लावून मोजावे.