बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी शिक्षक-प्रशिक्षण
तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना शिकवण्यासाठी शिक्षकांना दिले जाणारे विशेष शिक्षण. मुंबईत या कामाची मुळे शिवडीच्या जय वकील शाळेत सापडतात. होर्मसजी व जेरबाई वकील या दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये ती सुरू केली. बौद्धिक दिव्यांगांसाठीची सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था १९८४ ची. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने विशेष शिक्षकाला नोंदणी बंधनकारक झाली. जय वकील फाउंडेशन व राज्य शासन यांच्या ‘दिशा’ अभियानातून विशेष शाळांना समान अभ्यासक्रम व शिक्षक-प्रशिक्षण मिळू लागले.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे कृतीचे तुकडे पाडणे. मुंबईतल्या भांडुपच्या मुलाला लोकलने प्रवास शिकवायचा, तर स्थानकाच्या पाटीवरचे नाव ओळखणे, फलाटाच्या कडेपासून दूर थांबणे, गर्दी उतरू देणे, योग्य स्थानकावर उतरणे, ही प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे शिकवावी लागते. शिक्षक आधी हात धरतो, मग खुणावतो, मग नुसता जवळ उभा राहतो. मदत कधी काढून घ्यायची, हे ओळखणे सर्वांत कठीण. ते पुस्तकातून येत नाही, अनुभवी शिक्षकाशेजारी सराव केल्यानेच येते.

शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. भांडुप पश्चिमेच्या टेकडीवरील चढणीच्या वस्त्यांत तो मोलाचा आहे. मात्र घरी शिकवताना शिक्षकाला आईलाही सहशिक्षिका म्हणून तयार करावे लागते, आणि या कौशल्याला प्रशिक्षणात अधिक वेळ मिळायला हवा.