तानसाची भिंत

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुंबईकर अंगाला उटणे लावून न्हाणीघरात बसतो, तेव्हा बादलीतले पाणी तानसाचे की भातसाचे, ही चौकशी तो करीत नाही. करावी असेही नाही. पाणी ऊन आहे ना, एवढीच त्या वेळची फिकीर. परंतु मी पडलो शहापूर तालुक्यातला मास्तर. ते पाणी आमच्या शिवारातून जाते आणि चैत्र-वैशाखात आमच्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे मांडून ठेवलेले असतात. तेव्हा आम्हाला ती चौकशी सुटत नाही.

मुंबईला नळ आला तो 1860 साली, विहार तलावामुळे. 1879 साली तुळशी झाला. शहराची तहान तरी भागेना. नगरपालिकेचे इंजिनियर कॅप्टन टुलॉक यांच्या मनात तुळशीच्या आधीपासूनच उंच दगडी धरणाचे विचार घोळत होते. मातीचा बांध घालणे निराळे आणि शे-सव्वाशे फुटांची भिंत पाण्यासमोर उभी करणे निराळे. त्यांनी ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांचा सल्ला मागितला. रँकिन यांनी 1872 च्या आरंभी जे उत्तर दिले, ते पुढे जगभरच्या इंजिनियरांच्या अभ्यासात गेले. मुंबईच्या तहानेने जगाच्या शास्त्रात अशी भर घातली, हे आम्ही मुलांना शिकवीत नाही याचे मला वाईट वाटते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेव्हा गणितात शिरत नाही. मला समजले ते असे. पाणी भिंतीला रेटते आणि भिंतीचे वजन तिला जागी दाबून धरते. दोहोंचा मिळून भार पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात उतरला, तर दगड दगडाला दाबून राहतो. तो त्याबाहेर सरकला की पाण्याकडची बाजू ताणली जाऊन उकलू पाहते. चुना दाब सोसतो, ताण सोसत नाही. सारी मेख एवढ्यात आहे.

तानसाचे काम क्लार्क नावाच्या इंजिनियराच्या देखरेखीखाली झाले आणि 1892 साली व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीची भिंत! तेथून पाणी शंभर किलोमीटरच्या आसपास वाट कापून शहरात येते. साहेबांची नावे पुस्तकांतून सापडतात. चुना मळणाऱ्या बायांची मात्र मला कोठे आढळली नाहीत.

आणि तीनच वर्षांनी, 27 एप्रिल 1895 रोजी, फ्रान्समधले बूझे येथील दगडी धरण फुटले. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. तेव्हा विद्वानांच्या ध्यानात आले की पाणी भिंतीला केवळ समोरून रेटीत नाही; ते दरजांतून, पायाखालून आत शिरते आणि भिंतीला खालून वर उचलू पाहते. भिंतीचे जे वजन आपण जमेस धरले, त्यातले काही पाणी परस्पर वजा करते! तानसा तर आधीच बांधून झाली होती. त्या पिढीतल्या दगडी धरणांच्या हिशेबात हा उचल धरलेला नसे.

म्हणून जुन्या धरणाची राखण म्हणजे मुख्यतः पाझराची राखण. थोडा पाझर प्रत्येक भिंतीला असतो. तो रोजच्या रोज मोजायचा, कारण खरी बातमी पाझरात नसून त्याच्या वाढण्यात असते. भिंतीच्या कोरड्या अंगावर पांढरे ओघळ दिसले तर आतला चुना विरघळून बाहेर येतो आहे असे समजायचे. दरजा पुन्हा भरायच्या, पोकळीत सिमेंटचे पाणी दाबाने घालायचे, आत शिरलेल्या पाण्याला निघून जायला वाट ठेवायची. पिंपळाचे रोप तर बोटभर असतानाच उपटायचे. यातल्या कशाचेही उद्घाटन होत नाही, त्यामुळे त्याचा फोटोही छापून येत नाही.

सह्याद्रीपलीकडच्या भंडारदऱ्याची भिंत तानसाहून तरुण, 1926 ची. 1969 साली तिला भेगा पडल्या, पाणी वाहू लागले, आणि मग पाठीमागून दगडी टेकू देऊन तिला सावरावे लागले. लक्ष होते म्हणून सावरता आले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही टिकली नाही. पुण्यातली म्हातारी माणसे अजून त्या दिवसाची आठवण काढतात. अलीकडे 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. ते लहानसेच होते, मातीचे. गळतीविषयी गावकरी आधीपासून सांगत होते. धरणांच्या सुरक्षिततेचा कायदा देशात 2021 साली झाला.

तानसात 14,508 कोटी लिटर पाणी मावते. त्याहून जास्त आले की ते सांडव्यावाटे जाते. तेथे 38 दरवाजे आहेत. बहुतेक जुलैत धरण भरून वाहते, मुंबईच्या वर्तमानपत्रांत आनंदाची बातमी येते, आणि खाली नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा जातो. हीच तानसा पुढे वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडांजवळून वाहते.

माझ्या वर्गातली एक मुलगी नदीपलीकडून येते. गेल्या पावसाळ्यात ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी विचारले. म्हणाली, "फरशीवरनं पाणी होतं, गुरुजी."

"दरवाजे उघडलेले तुम्हाला कळतात कसे?"

"आजीला कळतं. काठाला एक दगड हाय. पाणी त्याच्या मानेला लागलं की आजी शेळ्या वर नेते. मग आम्ही पण जातो."

मी हजेरीपटावर दोन दिवसांची रजा मांडली आणि तो दगड पाहायला तिच्याबरोबर शनिवारी गेलो. पाणी उतरले होते. दगडाच्या मानेपाशी गाळाची ओली रेघ होती, आणि तिच्यावर वीतभर उंचीवर दुसरी, जुनी, वाळून पांढरी पडलेली. ती कोणत्या सालची, असे मी आजीला विचारले. तिने साल सांगितले नाही. नातीच्या बापाचे लग्न झाले त्या पावसातली, एवढेच म्हणाली आणि शेळी बांधायला गेली.