लिमये, मधु

लिमये, मधुकर रामचंद्र : (१ मे १९२२ – ८ जानेवारी १९९५). समाजवादी नेते, गोवा मुक्तिलढ्यातील सत्याग्रही, लेखक आणि स्वातंत्र्योत्तर काळातील अव्वल दर्जाचे संसदपटू. जन्म पुण्याचा, लोकसभेवर मात्र चारही वेळा ते बिहारमधून निवडून गेले. १९६४ (पोटनिवडणूक) व १९६७ साली मुंगेरमधून आणि १९७३ (पोटनिवडणूक) व १९७७ साली बांकामधून. यातला शेवटचा कार्यकाळ सोडला तर त्यांची संसदीय हयात विरोधी बाकांवर गेली, आणि त्यांचे संसदेतील स्थानही त्या बाकांवरूनच घडले.

जीवन : फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना ते विद्यार्थी चळवळीत आले. एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे यांच्या सहवासात समाजवादी झाले. दुसऱ्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल १९४० मध्ये त्यांना पहिला तुरुंगवास घडला. धुळ्याच्या तुरुंगात तेव्हा साने गुरुजीही होते. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत राहिले, सप्टेंबर १९४३ मध्ये पकडले गेले आणि जुलै १९४५ पर्यंत स्थानबद्ध होते. जुलै १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना जबर मारहाण केली. लष्करी न्यायाधिकरणाने डिसेंबर १९५५ मध्ये १२ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली; लिमयांनी बचाव केला नाही, अपीलही केले नाही. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. १९५२ मध्ये चंपा गुप्ते यांच्याशी विवाह, एक मुलगा.

प्रश्नोत्तराच्या तासातील कार्यपद्धती : लोकसभेच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नांसाठी राखलेला असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. मंत्र्याचे विधान चुकीचे असेल तर ते अध्यक्षांच्या नजरेस आणण्याची वेगळी वाट आहे, आणि सभागृहाची दिशाभूल झाली असे वाटल्यास हक्कभंगाची सूचना देता येते. ही हत्यारे प्रत्येक खासदाराच्या हाती असतात. लिमयांचे वेगळेपण असे की, ती सुटी न वापरता एकामागून एक वापरता येतात हे त्यांनी ओळखले. आधी लेखी उत्तरातून आकडा मिळवायचा, उपप्रश्नातून त्याची फोड करून घ्यायची, दोन मंत्रालयांची उत्तरे शेजारी ठेवून विसंगती दाखवायची आणि तरीही सरकार हलले नाही तर नियमावली उघडायची. औचित्याचा मुद्दा इतरांच्या हाती अनेकदा गोंधळाचे निमित्त ठरे. लिमये तो मांडत तेव्हा अध्यक्षांनाही नियमाचे कलम आणि पूर्वीचे निर्णय पाहावे लागत. पुण्याचा हा माणूस लोकसभेत प्रामुख्याने हिंदीतून बोलत असे, याचाही सभागृहावरील पकडीत वाटा होता.

पाँडिचेरी परवाना प्रकरण : पाँडिचेरी व माहे येथील काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून १९७२ साली २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन व्यापार मंत्रालयाकडे आले होते. त्यातील बहुतेक सह्या खोट्या असल्याचे १९७४ मध्ये उजेडात आले. केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा, या मागणीत लिमये आघाडीवर होते. सरकारने अहवाल खुला केला नाही.

आणीबाणी : जुलै १९७५ ते फेब्रुवारी १९७७ या काळात ते ‘मिसा’ या स्थानबद्धता कायद्याखाली मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते. पाचव्या लोकसभेची मुदत संपत आली असता सरकारने ती वाढवून घेतली. जनतेने पाच वर्षांसाठी दिलेले प्रतिनिधित्व सभागृहाने स्वतःच लांबवणे लिमयांना मान्य नव्हते; त्यांनी आणि शरद यादव यांनी तुरुंगातून सदस्यत्वाचे राजीनामे दिले. संसदेवरील त्यांच्या निष्ठेचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

मारुती हक्कभंग प्रकरण : या प्रकरणाचे मूळ विरोधी खासदाराच्या एका प्रश्नात आहे. १९७५ च्या पूर्वार्धात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ज्योतिर्मय बसू यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या पुत्राशी संबंधित मारुती लिमिटेड या कंपनीच्या यंत्रसामग्रीविषयी लोकसभेत प्रश्न दिला. उत्तराची माहिती जमवणाऱ्या चार अधिकाऱ्यांच्या मागे चौकशा लागल्या आणि त्यांच्या घरांची झडती झाली. आणीबाणी उठेपर्यंत त्याची वाच्यता करणे कठीण होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये लिमये आणि कंवरलाल गुप्ता यांनी इंदिरा गांधी व इतरांविरुद्ध हक्कभंगाचा प्रश्न उपस्थित केला. या वेळी लिमये सत्तारूढ जनता पक्षाचे सरचिटणीस होते. मंत्रिमंडळात मात्र ते नव्हते.

मुद्दा मूलगामी होता. खासदाराला संरक्षण आहे. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर तयार करणाऱ्या कारकुनाला आणि अधिकाऱ्याला ते नसेल, तर प्रश्नोत्तराचा तास पोकळ ठरतो. माहिती जमवणाऱ्याला अडवणे म्हणजे सभागृहाच्याच कामात अडथळा आणणे, ही भूमिका समर गुहा यांच्या अध्यक्षतेखालील हक्कभंग समितीने स्वीकारली. इंदिरा गांधी, त्यांचे अतिरिक्त खासगी सचिव आर. के. धवन आणि केंद्रीय अन्वेषण विभागाचे तत्कालीन संचालक डी. सेन यांना समितीने दोषी ठरवले. इंदिरा गांधींनी समितीपुढे शपथेवर साक्ष देण्यास नकार दिला होता. समितीच्या निष्कर्षांवर सदस्यांत पूर्ण एकमत नव्हते.

१९ डिसेंबर १९७८ रोजी लोकसभेने ठराव मंजूर केला. चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीतून नुकत्याच निवडून आलेल्या इंदिरा गांधींचे सदस्यत्व रद्द झाले आणि अधिवेशन संस्थगित होईपर्यंत त्यांना कारावास झाला. २६ डिसेंबरला त्या तिहारमधून सुटल्या. आधीच्या लोकसभेच्या काळातील कृत्याबद्दल पुढच्या लोकसभेला शिक्षा देता येते का, आणि ही शिक्षा प्रमाणाबाहेर होती का, यावर मतभेद आहेत. सातव्या लोकसभेने ७ मे १९८१ रोजी तो ठराव रद्दबातल ठरवला. शिक्षेचे काहीही म्हणा, लिमयांनी पुढे आणलेले तत्त्व योग्यच होते.

न्यायालयीन प्रकरणे : कायद्याच्या विद्यार्थ्यांना लिमयांचे नाव संसदेपेक्षा निवाड्यांतून अधिक परिचित असते. नोव्हेंबर १९६८ मध्ये लखीसराय रेल्वे स्थानकावर सत्याग्रह करताना त्यांना व सहकाऱ्यांना अटक झाली. अटकेची कारणे न सांगितल्याने संविधानाच्या अनुच्छेद २२ (१) चा भंग झाला, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. १९७० मध्ये जमावबंदीच्या कलम १४४ ला त्यांनी दिलेले आव्हान सात न्यायमूर्तींच्या पीठाने फेटाळले; त्या कलमाच्या वापराच्या मर्यादा मात्र त्याच निवाड्यात स्पष्ट झाल्या. १९७४ च्या एका पत्रकार परिषदेतील विधानांवरून महाराष्ट्राच्या तत्कालीन विधिमंत्र्यांच्या बदनामीचा खटला त्यांच्यावर भरला गेला होता. त्यातील १९७७ चा निवाडा उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांबाबत आजही आधारभूत मानला जातो.

जनता पक्षातील फूट : जनता पक्षातील जुन्या जनसंघीयांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध ठेवू नयेत, असा लिमयांचा आग्रह होता. या वादातून पक्षात फूट पडली. १९७९ मध्ये जनता सरकार कोसळण्यातील त्यांच्या वाट्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

लेखन व अखेर : १९८२ नंतर त्यांनी सक्रिय राजकारण सोडले आणि इंग्रजी, हिंदी व मराठीतून विपुल लेखन केले. जनता पक्षाच्या प्रयोगावरचा त्यांचा दोन खंडांतील इंग्रजी ग्रंथ त्या काळाच्या अभ्यासाला अपरिहार्य आहे. शास्त्रीय संगीताचे ते जाणकार रसिक होते. स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही, माजी खासदाराचेही घेतले नाही. दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.